ड्रोन, चुना आणि आमची मोजणी

मोजणी खात्यात सव्वीस वर्षं काढली की गुडघे जातात आणि किस्से उरतात. लिहून ठेवायची गरज नाही, चहा आला की आपोआप निघतात. पूर्वी ते साखळीचे असायचे, आता सगळे ड्रोनचे.

गावठाणातली घरं ड्रोननं मोजा, असा हुकूम आला. पहिल्याच गावात ड्रोन उडेना. जिल्ह्यात दारूगोळ्याचं कोठार आहे, त्याच्या आसपास यंत्र स्वतःच अडून बसतं. साहेब तापले. "सरकारी काम आहे. त्याले ऑर्डर दाखवा."

ऑपरेटर मॅडम नागपूरच्या. शांतपणे म्हणाल्या, "सर, ते कागद नाई वाचत."

"मग कोणाचं ऐकते?"

"अ‍ॅपचं."

"अन् अ‍ॅप?"

"ते कंपनीले विचारावं लागन."

ज्यांच्या एका सहीनं तालुक्यातल्या हद्दी ठरतात, ते आमचे साहेब बाभळीखाली फोन कानाला लावून अर्धा तास बसले. तिकडून एक बाई गोड आवाजात त्यांचा नंबर सातवा असल्याचं सांगत होती.

मग हजेरी चेहऱ्यावर आली. आमचं काम शिवारात, पण चेहरा मात्र ऑफिसात येऊनच दाखवायचा! माझा जोडीदार वानखडे बिचारा सिंदीहून यायचा, मोबाइलसमोर उभा राहायचा आणि मोबाइल म्हणायचा, ओळख पटत नाही. चौथ्या दिवशी वानखडे वैतागला. "माह्या बायकोलेही हा चेहरा पटत नाई. पण ते हजेरी तं लावते."

त्याच महिन्यात परिपत्रक आलं. नकाशे ही देशाच्या सुरक्षेची बाब आहे, ते मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नयेत. अत्यंत गोपनीय. आलं ते ग्रुपवरच. खाली पहिला अंगठा हिंगणघाटच्या एका पानठेलेवाल्याचा. तो आमच्या ग्रुपात कसा, हे आजवर कोणाला माहीत नाही.

पण खरा किस्सा रोहण्याकडच्या एका गावातला. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकानं आपल्या जागेभोवती चुन्याची रेषा मारायची असते. वरून यंत्राला हद्द म्हणून तेवढीच दिसते. त्या गल्लीची चुन्याची बोरी वासुदेवरावांच्या घरी उतरली. त्यांनी सकाळी सकाळी रेषा मारली, ती शेजारच्या यमुनाबाईचं अंगण पोटात घेऊन. म्हातारी एकटी. त्याच अंगणात तिची चूल, तिथंच दोन्ही पोरींच्या लग्नाचे मांडव पडलेले.

ती आमच्याकडे आली. "बाबू, हे रेघ पुसा नं."

मी म्हटलं, "आजी, आम्हाला हात लावता येत नाही. हरकत लिहून द्या, सुनावणी होईल." हे सांगताना मलाच माझी लाज वाटत होती.

हरकत तिनं दिली. मग घरातून बाज ओढत आणली, अंगणाच्या मधोमध टाकली आणि बसली.

ड्रोन वर चढला तसा वानखडे ओरडला, "आजी, आत जा. फोटोत येसान!"

"येऊ दे," ती म्हणाली.

सुनावणीला साहेबांनी टेबलावर मोठा नकाशा पसरला. पांढरी रेषा ठळक होती. वासुदेवराव इस्त्रीच्या कपड्यात खुर्चीवर बसले होते, यमुनाबाई उभीच.

साहेब म्हणाले, "आजी, यंत्रानं अंगण यांच्या हद्दीत दाखवलं आहे. तुमच्याकडे कागद आहे?"

"नाई."

"मग पुरावा काय?"

तिनं चष्मा लावला, नकाशावर वाकली, बराच वेळ शोधलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे मी आहो. परक्याच्या अंगणात मी बाज टाकून काऊन बसन?"

साहेबांनी वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवराव हसले. "हे काय पुरावा झाला का साहेब? ते बाई तं चाळीस वर्षांपासून रोजच तिथं बसते."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "जरा हळू सांगा. लिहून घेतो."