वाढणारीनं म्हणायचा शब्द

"शालू आजही ताटासमोर नुसती बसून आहे," मी वॉर्डन बाईंना सांगितलं.

"रविवारपर्यंत पाहू," त्या म्हणाल्या. "नाही तर आज्याला बोलावून घरी पाठवू. उद्या चक्कर येऊन पडली तर जबाबदारी कोणाची?"

मोहाडीच्या मुलींच्या हॉस्टेलात मी तेव्हा मेसवर होते; मुली मला आजी म्हणायच्या. मेस म्हणजे रांधणं, वाढणं आणि नंतरची आवराआवर. शालू करडीकडची, पाचवीतली. आईबाप नाहीत, आज्यानं वाढवलेली. घरी गेली असती तर शाळा संपलीच. शेळ्या राखणं सुरू.

मला वाटलं, पोरीला चव लागत नाही. वरणात तिखट कमी केलं. एक दिवस बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला. तरी बाकीच्या उठेपर्यंत ती तशीच बसायची आणि दोन घास गिळून ताट घासायला न्यायची.

"काहून जेवत नाहीस वं? नाटकं कायले करून राहिली? जेव!"

"भूक नाही, आजी."

भूक होती. भातावरची नजर हलत नव्हती.

इंग्रजीच्या मॅडम नागपूरच्या, नव्या. कधीमधी पंगतीत बसायच्या आणि एखादा शब्द शिकवायच्या. रविवारी म्हणाल्या, "आजचा शब्द, टक इन. म्हणजे करा सुरुवात, पोटभर जेवा."

"जेवाले तं ईट म्हनतेत ना, मॅडम?" एका मोठ्या मुलीनं विचारलं.

"ईट म्हणजे नुसतं खाणं. टक इन आपल्या माणसांत म्हणतात. वाढणारा म्हणतो, ताटावर बसलेल्याला. लाजू नको, थांबू नको, तुझ्यासाठीच केलंय. कलेक्टर साहेब जेवायला आले तर त्यांना मात्र म्हणू नका."

मुली हसल्या. तेवढ्यात शालू बोलली. कोणी न विचारता, पहिल्यांदाच.

"माहा आजा असाच म्हनते. वाढते अन् म्हनते, घे माय, जेव पोटभर. मंगच घास घेवाचा."

जेव तर आम्हीही रोज म्हणत होतो, पण दटावून.

"मग आजी, तुम्ही म्हणा," मॅडम म्हणाल्या. "वाढणाऱ्या तुम्हीच."

मी चौथी शिकलेली. इंग्रजी कधी तोंडात आलं नव्हतं. डाव हातात तसाच धरून तिच्यापुढे बसले.

"टक इन, माय. घे. तुह्यासाठीच केलं."

ती जेवली. भात दोनदा मागितला. मी रडले वगैरे नाही. अजून वरण फिरवायचं होतं.

आज्याला निरोप गेला नाही. शालू दहावी तिथूनच झाली.

काम सोडेपर्यंत मी प्रत्येक पंगतीत एकेकीला हे म्हणत आले. भात थोडा निवतो, निवू द्यायचा. माझ्या जागी आलेल्या बाईला एवढंच सांगितलं: मीठ कमी पडलं तर पोरी मागतात. आग्रह कोणी मागून घेत नाही.