बिराजदार बाईंनी माईकवर सांगितलेलं दुखणं

बिराजदार बाईंच्या फिजिक्सच्या शिकवणीत पहिल्या दिवशी वही उघडायला बंदी असे. खिडक्या लावून त्या प्रत्येकीच्या बोटांमागे बॅटरी धरत. बोटं लालभडक दिसत. "लालच का? निळा उजेड कुठं गेला?" त्या विचारत. "उत्तर उद्या न्हाई आलं तरी चालंल. पण पाठ करून आणू नका."

भूकंपात निलंग्याकडचं आमचं घर पडलं, तेव्हा मी दहावीत होते. पत्र्याच्या शेडमध्ये राहून परीक्षा दिली आणि अकरावीला मामांनी मला लातूरला आणलं. तिथे गल्लोगल्ली शिकवण्या निघत होत्या, भिंतींवर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो झळकत होते. बाईंच्या भिंतीवर मात्र भिंगांच्या आकृत्या. एका पालकांनी विचारलं, "तुमचे किती आले यादीत?" बाई म्हणाल्या, "यादी बोर्ड लावतंय. मी फिजिक्स शिकवते."

माझं मेडिकल थोडक्यात हुकलं. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "झालं का? आता ऐक. डॉक्टर न्हाई झालीस तर डॉक्टरच्या हातात द्यायचं काहीतरी बनव."

पुढे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेमकं तेच करू लागले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये निरोगी भागावरून प्रकाश एका तऱ्हेने परततो, बिघडलेल्या भागावरून दुसऱ्या. तुकडा न कापता, नुसत्या प्रकाशाने हा फरक ओळखता येईल का, यावर आमचं काम चाललं होतं. दिवाळीत लातूरला गेले तेव्हा बाईंना हे सांगितलं. तासभर त्यांनी मला फळ्यापुढे उभं केल्यासारखं तपासलं. मग सुनेला चहा करायला आत पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"चार महिने झाले, शौचातून रक्त पडतंय. मूळव्याध समजून मलम लावत बसले."

"बाई, कुणाला सांगितलं का नाही?"

"पोरींना जन्मभर सांगितलं, शंका विचारायला लाजू नका. अन् मीच लाजून बसले."

त्याच आठवड्यात मी त्यांना पुण्याला, आमचा अभ्यास चालायचा त्याच हॉस्पिटलात नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, निदान तुकड्याच्या रिपोर्टवरच होणार. आमचा प्रकाश अजून अभ्यासापुरता आहे, त्याचा बाईंना स्वतःला काही उपयोग नाही. बाई म्हणाल्या, "मला नसू द्या. तिच्या आलेखात माझा एक ठिपका पडू द्या." आमचा प्रकाश आत सोडला तेव्हा टेबलावर आडव्या असतानाच त्यांनी विचारलं, "उजेड कोणत्या रंगाचा?"

"निळा आणि हिरवा."

"बरोबर. रक्त तेच पिऊन टाकतंय. शिरा उठून दिसत असतील."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला, पण गाठ आतड्याबाहेर पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी त्या पुन्हा खडू हातात घेऊन उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी लातूरच्या एका सभागृहात त्यांचा सत्कार ठेवला. डॉक्टर, इंजिनिअर, नव्या मुलांचे आईबाप, सगळे आले होते. बाईंनी शाल बाजूला ठेवली आणि माईक घेतला. "मला शौचातून रक्त पडत होतं. मी चार महिने लपवलं," त्या म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. बाई थांबल्या नाहीत. दुर्बीण कशी घालतात, किती दुखतं, घरच्यांना कसं सांगायचं, सगळं त्यांनी धडा शिकवावा तसं सांगितलं. "आपल्याकडं हे बोलत न्हाईत. मी आज बोलले. आता तुमची पाळी." मला इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता, स्वतःच्या कामाचाही नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी बाई गेल्या, हृदयविकाराने. शोकसभेला नायगावहून एक बाई एकट्याच आल्या होत्या. दाराशीच थबकल्या.

"मी त्यांच्याजवळ शिकले न्हाई," त्या मला म्हणाल्या. "सत्काराला भाचीसंगं आले होते, मागं उभी होते. तिथून घरी गेले अन् नवऱ्याला सांगितलं, मलाबी तसंच रक्त पडतंय म्हणून. येळेवर ऑपरेशन झालं. इथं बसलं तर चालंल का?"

मी त्यांचा हात धरून त्यांना पुढे नेलं आणि बाईंच्या विद्यार्थिनींच्या रांगेत बसवलं.