वस्तरा पलटताना

माझ्या वडिलांनी जन्मभर दवनीवाड्याच्या माणसांच्या दाढ्या केल्या. बाजाराच्या जागेजवळ त्यांची लाकडी खुर्ची होती. दोन हजार सात-आठच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आणि घरात सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो दाढीचा. हसू नका. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, दाढीत मुरायची आणि खालची कातडी चिघळायची. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दाढी अजिबात वाढू देऊ नका.

मला मुर्रीला दिलेली, मी रविवारी-रविवारी माहेरी जायची. मायनं बसस्टँडवरच्या सलूनवाल्याला बोलावलं. न्हावी न्हाव्याकडून पैसे घेत नाही, बिचारा गिऱ्हाइकं सोडून आला. त्यानं ब्लेड घालायचा वस्तरा काढला तसं बाबुजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी प्लास्टिकचा रेझर नेला, तो त्यांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. मग आपल्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत त्यांचा जुना वस्तरा होता आणि चामड्याचा पट्टा.

"तुमचाच पाहिजे का? मंग तसं म्हणा ना!" मी म्हटलं.

म्हणतील कसे? पण मी अशीच. आधी बोलते, मग जीभ चावते.

लकवा मारल्यापासून वस्तरा पडून होता, धार गेली होती. पट्ट्यावर घासल्याशिवाय तो गालाला लावायची सोयच नव्हती. मी पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं, दुसरं डाव्या हातानं ताणलं आणि वस्तरा उजव्या हातात घेतला. कसा? विळा धरतात तसा, मुठीत. धान कापणारा हात माझा, त्याला दुसरं काय येणार! जाताना खर्रकन आवाज झाला आणि परत येताना चामड्यात चीर पडली. बाबुजींनी खाटेवर थाप मारली.

त्यांच्या हातचा आवाज असा नव्हता. एका लयीत, मऊ, कुठेही न अडकणारा. त्या आवाजात मी शाळेचे धडे पाठ केले. पट्ट्याच्या टोकाशी पातं उचलायचं नाही, धारेवरून तर मुळीच वळवायचं नाही, पाठीवर लोळवून पलटायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण लोळवायचं कशानं? मनगटानं की बोटांनी? वस्तरा धरायचा तरी कुठे, मुठीवर की पात्याच्या मानेवर? इतकी वर्षं पाहिलं, पण पाहिला तो नुसता हलणारा हात. बोटांकडे कोण बघतं! आणि पोरीच्या हातात वस्तरा कोण देतं!

सलूनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "दीदी, हम तो ब्लेड निकालके नया डाल देते. ये पट्टेवाला काम मेरे बाप को आता था." बाप त्याचा वारून गेलेला.

मी परत आले तर बाबुजींनी वस्तऱ्यासाठी हात पुढे केला. दाखवतो म्हणाले, डोळ्यांनी. मला हायसं वाटलं. मी पट्टा ताणून धरला. वस्तरा अर्ध्यापर्यंत गेला आणि तिरका झाला. पुन्हा नेला, पुन्हा तिरका. हात डावा होता ना. त्यानं उभा जन्म पट्टा ताणायचं काम केलं होतं, वस्तरा त्यानं कधी धरलाच नव्हता. बाबुजी आपल्याच हाताकडे बघत राहिले. धार लागली की नाही ते याच हातावरचे केस उडवून पाहायचे, त्यामुळे मनगटाजवळ कायम सफाचट असायचं. आता तिथे पांढरे केस उगवले होते. ते पाहिले आणि त्याच तिरीमिरीत मी ओरडले.

"अख्ख्या गावाच्या गोष्टी लोकायले सांगत होते तुमी, हे एक काऊन नाही सांगतलं कोणाले?"

"कायले ओरडून राहिली त्यायच्यावर?" माय चुलीपुढून म्हणाली. "बोलता आलं असतं त असे बसले असते का?"

मग मला वाटलं, तोंडाला येत नसेल, डाव्या हाताला येत नसेल, उजव्याला तर येतं! तो मांडीवर आकसून पडला होता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि वस्तऱ्याची मान त्यांत ठेवली. बोटं आपोआप मिटली. अंगठा वरून, पहिलं बोट खालून. देवाशपथ, अगदी तसंच दिसलं! मी त्यांचं मनगट धरून वस्तरा पट्ट्यावरून सरळ नेला. शेवटाला पोचलो. आता इथे पलटायचं होतं.

पलटला नाही. मी वाट पाहिली. बाबुजींच्या कपाळाची शीर फुगली, मान थरथरायला लागली, एवढा जोर लावला त्यांनी. बोटं काही हलली नाहीत. मी वस्तरा काढून घेतला, पुसला आणि पेटीत ठेवला. मला रडू आलं, पण त्यांच्यापुढे कशी रडू?

पुढच्या रविवारी गेले तर हनुवटीखालची कातडी चिघळून पाणी सुटलं होतं.

"रातभर जागेच राहतेत, बाई," माय म्हणाली.

मी नवा प्लास्टिकचा रेझर काढला. फेकतील म्हणून पाण्याची वाटी लांब ठेवली, पदर खोचला, भांडायच्या तयारीनंच बसले. बाबुजींनी रेझरकडे पाहिलं. मग हळूच हनुवटी वर केली आणि जो गाल चालत होता तो आतून फुगवून दिला, गिऱ्हाइकं द्यायची तसा.

"नाही म्हणा ना, बाबुजी," मी म्हटलं. "फेका ना."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी साबण लावायला घेतला.