कडेचा आवाज

तिचा नवरा रंगारी होता. सिनेमाच्या थिएटरचे बोर्ड रंगवायचा. नटाच्या मिशा त्याच्याइतक्या झोकात कुणाला जमत नसत, पण त्याचा जीव मिशांत नव्हता. थिएटरातली टाकाऊ फिल्म तो घरी आणी, सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काचेसारखी कोरी करी आणि तिच्यावरच ठिपके, रेघा, वेटोळी रंगवी. कॅमेरा नाही, नट नाही, गोष्ट नाही.

"मग आहे काय?" सासूबाई विचारत.

"हलतं, आई."

"हलतं तर आपलं टेबलही. ते आधी नीट कर."

तिची तक्रार नव्हती. सकाळी दिवा लावायचा, वहीत बारीक अक्षरात देवाचं नाव लिहायचं आणि दोरीवर सुकणाऱ्या फिल्मखालून वाकून स्वयंपाकघरात जायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

शेवटी थिएटरच्या मालकाने कबूल केलं. रविवारी सकाळच्या खेळाआधी दाखव. लोक ओरडले, तर पुन्हा नाव काढायचं नाही.

शनिवारी तिला दिसलं, की फिल्मच्या कडेला शाई लागली आहे. नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू. तिने ओलं फडकं घेऊन कड लख्ख केली.

दुपारी रंगारी दारातच थबकला. "संगीत कुठे गेलं?"

"कुठलं?"

"कडेचं. त्या रेघांतून उजेड गेला की आवाज निघतो."

"मला वाटलं, सांडलंय."

"तिला बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मलाही काही ऐकू येत नव्हतं."

त्याने दोन टाक काढले, एक तिच्या हातात दिला. "सुरुवातीचं मी करतो, शेवटचं तू. बारीक काढ, मध्ये थांबू नकोस."

"काय काढू?"

"हाताला येईल ते."

तिच्या हाताला एकच येत होतं.

रविवारी पडद्यावर ठिपके नाचले आणि रिकामी बादली जिन्यावरून सोडल्यासारखा आवाज झाला. लोक चुळबुळले. मागून शिट्टी आली. मालक खुर्चीतून उठला. तेवढ्यात तिचा भाग लागला. भुंग्यासारखा एकसुरी घुंकार, खंड म्हणून नाही. त्यावर लाल वेटोळी संथ फिरू लागली. शिट्टीवाला गप्प झाला. मालक परत बसला.

"काय काढलंस?" रंगाऱ्याने हळूच विचारलं.

"देवाचं नाव."

सासूबाईंनी कान देऊन ऐकलं. "देवाला हे असं ऐकू जातं होय," त्या म्हणाल्या. "तरी बिचारा ऐकून घेतो."

मालकाने पुढच्या रविवारीही बोलावलं. तेव्हापासून फिल्मची कड तिच्याकडे आली. वहीत मात्र ती रोजच्याइतकं नाव वेगळं लिहीतच राहिली. फिल्मवरचं जपात धरलं जातं की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.