डॉरिसचा मोठा टाका

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉरिस मिस्किटा पहिल्या बॅगेचा तिसरा कोपरा वळवत होती. पाळी साडेआठला सुरू होते. बाकीची मशीनं अजून कापडाखाली झाकलेली होती आणि अख्ख्या शेडमध्ये फक्त चार नंबरचं मशीन घरघरत होतं. लवकर येण्याचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. डॉरिसच्या बॅगा गळत होत्या.

कोलशेत गावाच्या मागे, जुने कारखाने जाऊन उठलेल्या टॉवरांच्या सावलीत हे एक शेड अजून टिकून आहे. इथे जंबो बॅगा शिवतात. विणलेल्या प्लास्टिकच्या, माणूस उभा मावेल एवढ्या. एकीत टनभर पावडर बसते आणि चार कोपऱ्यांच्या पट्ट्यांना धरून फोर्कलिफ्ट ती उचलते. एवढ्या जाड कापडाला दाभणासारखी सुई लागते, आणि दाभणासारखी सुई म्हणजे भोकही तसंच. म्हणून शिवणीच्या घडीत एक मऊ, फुगीर दोरी घालतात. सुई निघून गेली की दोरी फुगते आणि भोक बुजवते. निदान तसं व्हायला हवं.

या बॅगा टेम्पोने डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात जातात. आत वेगळी पिशवी घातलेली त्यांना चालत नाही, कारण बॅग रिकामी करताना ती पिशवीही रंगाबरोबर खाली येते. तेव्हा सगळी भिस्त शिवणीवर. तो रंग कोरडा असताना राखेसारखा करडा दिसतो, ओल लागली की गडद निळा होतो. त्यामुळे गळती आधी जमिनीवर दिसत नाही, माणसाच्या घामावर दिसते.

ती तिथे बॅगा रचणाऱ्या सहदेवच्या अंगावर दिसली. कारखान्याचं गोदाम सांभाळणाऱ्या विनीतने त्याचा फोटो काढून शेडच्या ग्रुपवर टाकला. कान निळे, मान निळी, बनियन कमरेपर्यंत निळा. खाली लिहिलं होतं, "तुमच्या चार नंबरने आमच्या सहदेवचा कृष्ण केला. आता बासरी पण पाठवा."

सगळं शेड हसलं. प्रत्येक बॅगेवर ती शिवणाऱ्या मशीनचा नंबर असतो, त्यामुळे कोण म्हणून विचारायचं कारणच नव्हतं. डॉरिस हसली नाही.

सोमवारी संध्याकाळी लाइन सांभाळणारा सुदेश तिच्या मशीनपाशी आला आणि उगाचच धाग्याच्या रिळाला हात लावून उभा राहिला.

"आंटी, एक बोलू? रागावू नका."

"बोल ना. एवढा काय भटजीसारखा उभा राहतो?"

"डोंबिवलीला शुक्रवारी दहा बॅगा जाणार. सगळ्या चार नंबरच्याच पाठवतो, म्हणजे एकदा काय ते कळून जाईल. त्या गळल्या ना, तर तुम्ही थोडे दिवस धाग्याच्या टेबलावर बसा. आरामाचं काम आहे."

धाग्याचं टेबल शेडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून आहे. शिवून आलेल्या बॅगांचे लोंबते धागे तिथे कात्रीने कापतात. काम खरोखरच आरामाचं आहे. पण डॉरिस बाराव्या वर्षी मशीनवर बसली ती आता बावन्नाव्या वर्षापर्यंत उठली नव्हती. तिची आई आयव्ही कोलशेतच्या घराच्या ओटीवर लग्नाचे गाउन शिवायची. गावातल्या ख्रिस्ती घरांतल्या नवऱ्या, चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेणाऱ्या पोरी, झाडून सगळ्यांचे पांढरे कपडे त्या ओटीवरून गेले. आईनंतर डॉरिसने तेच केलं. मग गाउन भाड्याने मिळायला लागले, मॉलमध्ये लटकायला लागले, आणि ओटीवरचं मशीन आठवडे आठवडे गप्प राहू लागलं. शेजारची सगुणा आधीपासून या शेडमध्ये पाच नंबरवर होती. चार नंबर रिकामा झाल्यावर तिनेच डॉरिसला आणून बसवलं. मशीन नसलेली डॉरिस कशी असते हे डॉरिसला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती.

त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला, जेरोमला, सगळं सांगितलं. तो तिच्या ताटात तळलेली मांदेली वाढत होता.

"मी एवढं नीट शिवते, तरी गळतं. पहिली तक्रार आली तेव्हा टाका बारीक केला. दुसरी आली, अजून बारीक केला. आता तर असा टाका घालते की मम्मीने बघितला असता तर पापा घेतला असता."

"बॅगेला काय लग्नाला जायचंय काय गो?"

"तू बोलू नको. तुझ्या लग्नाचा सूट मी शिवलेला. अजून एक टाका उसवला नाही."

"उसवला नाय, बरोबर. पण मी त्याच्यात मावत पण नाय," असं म्हणून जेरोमने उरलेली मांदेली स्वतःच्या ताटात घेतली.

तर मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉरिस जी बॅग शिवत होती ती त्या दहांतली पहिली. सुरुवात करण्याआधी तिने मशीनच्या बाजूची, टाका लहान-मोठा करायची चकती आणखी थोडी फिरवली होती. साडेआठला सगुणा आली, डबा मशीनखाली सरकवला आणि वाकून शिवण बघितली.

"गो डॉरिस, ही बॅग आहे का रुमाल?"

"बघ तू. यातून वारा पण जाणार नाही."

सुदेशनेही शिवणीवरून बोट फिरवलं. "आंटी, छापल्यासारखी वाटते." गेल्या दोन आठवड्यांत त्याने धागा बदलून पाहिला होता, दोरीवाल्याला फोनवरून झापलं होतं, कापडाचा एक गठ्ठा परत पाठवला होता. शिवणीवर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. इतक्या देखण्या शिवणीवर कोण घेईल?

दुपारी मालाची तपासणी करणाऱ्या चित्रा साठे ती बॅग घेऊन शेडच्या मागच्या अंगणात गेल्या. त्या ठाकुर्लीहून येतात, बोलतात सावकाश आणि पूर्ण वाक्यात. त्यांनीही दोन आठवडे शिवण ताणून, ओढून, तपासणीच्या मशीनवर फाडून पाहिली होती. शिवण दरवेळी मजबूत निघत होती. मात्र आदल्या दिवशी घरी गॅलरीत त्यांनी जुनी छत्री उघडून ठेवली होती आणि खाली बसल्यावर उन्हामुळे तिची भोकं दिसली होती. एवढ्यावरून त्यांनी फोर्कलिफ्टवाल्याला सांगून डॉरिसची बॅग भर उन्हात वर टांगायला लावली, तळाचं तोंड सोडलं, चप्पल बाहेर काढून ठेवली आणि वाकून आत गेल्या.

थोड्या वेळाने बॅगेतून आवाज आला. "डॉरिसबाई, जरा आत येता का?"

"मी? कुठे, त्यात?"

"जागा आहे. या."

डॉरिस साडी सावरत आत शिरली. कापड उन्हाने दुधासारखं उजळलं होतं. फक्त शिवणीच्या घड्या जाड, म्हणून तिथे काळसर पट्ट्या दिसत होत्या, चारी कोपऱ्यांतून खालपासून वरपर्यंत. आणि त्या प्रत्येक पट्टीवर, अगदी एका रेषेत, अगदी सारख्या अंतरावर, उजेडाचे ठिपके होते. शेकडो.

नाताळात डॉरिसच्या घरी बांबूच्या काड्यांचा आणि कागदाचा तारा करतात. कागदाला सुईने भोकं पाडून आत दिवा लावायचा. ती भोकं पाडण्याचं काम लहानपणी तिचं असायचं, आणि ती इतकी सारखी पडायची की गल्लीतली पोरं तारा बघायला यायची. ती वर बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना.

"मॅडम, हा तर आमचा तारा झाला!"

"चकती तुम्ही फिरवलीत?"

"फिरवली. मोठा टाका घालायची लाज वाटायची. गोणपाट शिवल्यासारखं दिसतं."

"गोणपाटच आहे हो ते. आत नवरी नाही, रंग आहे." चित्राताईंनी एका ठिपक्यावर नख ठेवलं. "हे बघा. टाके इतके जवळ पडलेत की भोकं एकमेकांना मिळालीत. आणि सुई इतक्या वेळा दोरीतून गेली की दोरीचा भुगा झाला. बुजवणार कोण? जितके टाके, तितकी दारं."

"म्हणजे मी जेवढं नीट करत गेले..."

"तेवढं गळत गेलं. आणि मी पंधरा दिवस शिवण ओढत बसले, टाके एकदाही मोजले नाहीत."

आता दोघीही हसत होत्या. टांगलेली बॅग गदगदा हलत होती. सुदेश धावत आला, त्याला बॅगेखाली चार पाय दिसले.

"काय झालं? मॅडम? आंटी?"

"काही नाही. सगुणाची एक बॅग आण," आतून डॉरिस म्हणाली.

सगुणाची बॅग टांगली. पट्ट्या काळ्याच्या काळ्या, फक्त कोपऱ्याच्या वळणावर एखाददुसरा ठिपका. सगुणा आत जाऊन बघून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघा. मी म्हणतच होते, जास्त शिकलेल्या हाताचा उपयोग नाय."

"कोपऱ्यावर तुझे पण दोन तारे आहेत," डॉरिसने सुनावलं.

"ते चंद्र आहेत. माझे चंद्र."

मंगळवारची ती बॅग बाजूला काढली गेली. चित्राताईंनी चकती जागेवर आणली. बोटाच्या एका पेरात दोन-तीन टाके, त्याहून जास्त नाही. डॉरिसने पायाखालचं पेडल दाबलं आणि मशीन ढांगा टाकत निघालं. तिने डोळे मिटले नाहीत एवढंच. बुधवारभर प्रत्येक शिवण संपली की तिचा हात आपोआप चकतीकडे जायचा आणि सगुणा मशीन न थांबवता ओरडायची, "हात!"

दुपारनंतर तिला एक गोष्ट सापडली. टाका मोठा असला तरी दोरी बरोबर मधोमध ठेवणं हातातच होतं. सरळ शिवणीत ते कोणालाही जमतं, पण कोपऱ्याच्या वळणावर दोरी बाहेर सटकते. सगुणाचे चंद्र तिथेच उगवले होते. डॉरिसने हजारभर गाउनांचे गोल गळे शिवले होते. वळणावर ती वेग कमी करायची, डाव्या अंगठ्याने दोरी आत दाबून धरायची आणि मगच कापड फिरवायची. गुरुवारी संध्याकाळी दहाही बॅगा तयार झाल्या. चित्राताई एकेकीच्या आत जाऊन आल्या. दहाव्या बॅगेतून बाहेर आल्यावर त्यांनी साडीची धूळ झटकली आणि एवढंच म्हणाल्या, "अंधार आहे. छान अंधार आहे."

पण उन्हात बघणं वेगळं आणि टनभर रंग भरून रचणं वेगळं. शुक्रवारी सकाळी टेम्पो गेला. दुपारी डॉरिस जेवली नाही. डबा सगुणाने खाल्ला आणि जेरोमच्या हाताला चव आहे असा निकाल दिला. चार वाजता सुदेशचा फोन वाजला. तो चार नंबरपाशी आला आणि फोन डॉरिससमोर धरला.

फोटोत सहदेव होता. दहा बॅगा मागे रचलेल्या, पुढे तो कमरेवर हात ठेवून उभा. त्याने मुद्दाम नवा कोरा पांढरा बनियन घातला होता. घामाने तो अंगाला चिकटला होता आणि पांढराच होता. कान त्याच्या नेहमीच्या रंगाचे होते. खाली विनीतने लिहिलं होतं, "बासरी राहू द्या."

डॉरिसने फोटो बोटांनी मोठा करून आधी सहदेवची मान बघितली, मग बनियनचा गळा, मग मागच्या बॅगांचे कोपरे.

"आंटी, आता तरी हसा," सुदेश म्हणाला.

"थांब रे. शिवण बघू दे." ती बघत राहिली. "किती घाणेरडी दिसते." आणि मग ती इतकी हसली की पाच नंबरचं मशीनही थांबलं.

घरी जायच्या आधी सगुणाने लाल चिकटपट्टीचा तुकडा फाडून चार नंबरच्या चकतीवर आडवा लावला, वरून अंगठ्याने दाबला. डॉरिसने विरोध केला नाही. सुदेशने भिंतीवरच्या फळ्यावर खडूने शनिवारचं काम लिहिलं: डोंबिवली, वीस बॅगा, मशीन चार. पाळी साडेआठला सुरू होईल. वळणावर दोरी कशी दाबायची ते डॉरिस सगुणाला दाखवणार आहे, म्हणून उद्या दोघी सव्वाआठला येणार आहेत.