राजूरच्या गर्दीत आमची घरगाडी

ऑपरेशननंतर आईला लघवी धरवत नसे. अर्ध्या तासाने, फार तर पाऊण तासाने जावंच लागे. त्यामुळे जालना शहराच्या बाहेर ती सात वर्षं गेली नव्हती. भोकरदनकडच्या एका खेड्यात तिची धाकटी बहीण, माझी मावशी, राहते. मावशीच्या दोन्ही मुलींची लग्नं आईने माझ्या फोनवर पाहिली.

ऑपरेशननंतर सुरुवातीलाच एकदा मी तिला बसने नेऊन पाहिलं होतं. त्या दिवशी तिने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही, तरी राजूरच्या अलीकडे कंडक्टरला विनंती करून बस थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला आडोसा म्हणून काही नव्हतं, सोयाबीन घोट्याच्या वर आलेलं नव्हतं. मी ओढणी धरून उभी राहिले. बसमधली माणसं शहाण्यासारखी दुसरीकडे बघत राहिली, आणि आईला तेच जास्त लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता मला कुठं नेऊ नको बाई." पुढे ती तो विषयच काढू देत नसे.

बाबा एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर फोनवर व्हिडिओ बघत. त्यातच त्यांना चाकांवरची घरं दिसली. पलंग, ओटा, संडास, सगळं गाडीत. त्यांनी मला बोलावून ते दाखवलं आणि म्हणाले, "हे जमतं बघ आपल्याला."

मग आमच्या घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. पहिल्यांदा बाबांना कारच्या मागे जोडून ओढायची खोली आवडली. मुक्कामाला पोचलं की ती सोडून ठेवायची आणि कार घेऊन मोकळं फिरायचं. पण ती रिव्हर्स घेणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि आमच्या गल्लीत तर साधी रिक्षा वळताना भिंतीला घासते. शिवाय गाडी चालू असताना त्या खोलीत कुणी बसायचं नसतं. आईला तर नेमकं चालू गाडीतच आत असायला हवं होतं. बसएवढ्या मोठ्या गाड्याही पाहिल्या. आत सोफा, टीव्ही, एसी. पण मावशीच्या गावात विजेच्या तारा इतक्या खाली आहेत की कडब्याची गाडीसुद्धा बांबूने तारा वर उचलून न्यावी लागते. लहान व्हॅन सोयीची होती. मागचं दार वर केलं की ओटा, सीट पाडल्या की पलंग. संडासाला तेवढी जागा नव्हती. शेवटी बाबांनी एक जुनी बारा सीटची ट्रॅव्हलर घेतली, सीट काढल्या आणि ओळखीच्या बॉडीवाल्याच्या शेडमध्ये स्वतः वेल्डिंग करत बसले. आरटीओतून कागद बदलून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, अर्ज लिहायची सवय आहे. त्या कागदांना गाडीतलं घर बांधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

बाबांना मोतीबिंदूमुळे गाडी चालवता येत नव्हती, म्हणून चालवायची मीच. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात, तिथे शिकले. कारपेक्षा ती वेगळीच चीज होती. पाण्याची टाकी भरलेली असली की वळणावर सगळं धूड एका अंगाला जायचं, आणि ब्रेक लावला की मागची भांडी पुढे यायची.

ओटा बाबांनी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीसमोर, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडून केला होता. त्या भिंतीला एक सरकती काच, म्हणजे पुढून मागे बोलता येईल. ओट्याखाली लहान सिलेंडर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो, म्हणून सिलेंडरच्या खणाला त्यांनी तळाशी भोक पाडलं होतं. पहिल्या चाचणीत आम्ही अंबडपर्यंत जाऊन आलो, तेव्हा त्या भोकातून इतकी धूळ आत आली की गाद्या मातीच्या रंगाच्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यात चिंधी कोंबली. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती काढली असती.

मावशीकडे निघालो तो दिवस मी ठरवला होता, शाळेची सुट्टी बघून. चतुर्थी आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आमच्या घरात ती कुणी धरत नाही. जालन्याच्या बाहेर आई अगदी खुशीत होती. दोनदा आत जाऊन आली आणि दोन्ही वेळा काचेजवळ येऊन सांगितलं, "बराबर हाय सगळं. पाणी बी येतं." ती पाणी पीत होती. बाटली तोंडाला लावून पाणी पिणारी आई मी किती वर्षांनी पाहत होते. बाबा माझ्या शेजारी सरळ बसले होते, समोर बघत.

राजूरजवळ गर्दी लागली. गणपतीला चालत जाणारी माणसं, ट्रॅक्टर, दुचाक्या, आणि दोन्ही बाजूंनी दुकानं. नारळ, बांगड्या, भज्यांच्या कढया. मागे वळायला जागा नव्हती. मी पावलापावलाने गाडी पुढे नेत होते. लोक आत डोकावत होते. एकाने काच वाजवून विचारलं, "दवाखान्याची गाडी हाय का, मॅडम?" दुसरा दार उघडायला लागला तेव्हा आईने आतून कडी लावून घेतली. मग पुढचा ट्रॅक्टर बंद पडला आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. डाव्या हाताला चार पावलांवर भज्यांची गाडी होती, कढईखाली निळा जाळ.

बाबा म्हणाले, "वास येऊन राह्यला का तुला?"

"भज्यांचा गॅस असंल."

त्यांनी मधली काच थोडी सरकवली. वास अंगावर आला. डोकं बधिर व्हावं इतका.

आईला वास येत नाही. करोनाच्या तापात गेला तो परत आलाच नाही. ती ओट्यापाशी उभी होती आणि मला तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं, "गाडी उभीच हाय तर चहा टाकते."

बाबा ओरडले. पण बाहेर दोन भोंगे वाजत होते आणि आईची आमच्याकडे पाठ होती. तिने पातेलं ठेवलं. लाइटर उचलला. बाबांनी त्या वीतभर खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिचा पदर धरून ओढला. ती मागच्या मागे भिंतीवर आदळली.

"काय करून राह्यले तुमी?" ती रागाने म्हणाली.

"लाइटर खाली ठेव. गॅस गळून राह्यला."

"मला तर काई येत न्हाई."

"तुला न्हाई येणार. ठेव खाली."

 मग तिने लाइटर ओट्यावर ठेवला, अगदी हळू, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.  बाबांचा आवाज एकदम खाली आला. मिलमध्ये एखादी तापलेली सळई यंत्रातून निसटली की ते असेच बोलायचे, असं त्यांचे सोबती सांगत. "कोणत्याच बटणाला हात लावायचा न्हाई. पंखा चालू हाय तो चालूच राहू दे. आता वाक. सिलेंडरचा खटका बंद कर."

ती वाकली. आम्हाला दिसेनाशी झाली. मी त्या काचेकडे बघत होते आणि माझ्या मनात फक्त ती चिंधी होती.

"केला बंद," खालून आवाज आला.

"आता दार उघड."

ते उघडेना. रस्त्याच्या उताराला गाडी डाव्या अंगाला कलली होती आणि दाराच्या वजनाने कडी अडकून बसली होती. बाबा खाली उतरून बाहेरून दार ओढायला लागले. मी पलीकडून उतरून भज्यांच्या गाडीकडे धावले. कढईमागे साठीची एक बाई होती.

"मावशी, शेगडी बंद करा. आमच्या गाडीत गॅस गळलाय."

"घाणा तेलात हाय ना बाई," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या नाकाला वास लागला. तिने खटका फिरवला. मग ती शेजारच्या चहावाल्याकडे गेली, त्याच्या पलीकडच्या जिलेबीवाल्याकडे गेली, आणि एकेक जाळ विझत गेला. मधे एक माणूस बिडी ओढत आमच्या गाडीकडे बघत उभा होता. तिने त्याच्या तोंडातली बिडी काढली आणि पायाखाली चिरडली. 

मी परत आले तेव्हा बाबांनी दाराच्या फटीत हाताची बोटं घातली होती. आतून आई म्हणत होती, "तुमी उचला, मी सरकवते." बाबांनी दार दोन्ही हातांनी वर उचललं. कडी निसटली. आई पायरीवर पाय ठेवून खाली आली, आणि तिच्यामागून तो वास बाहेर लोटला.

इंजिन चालू करायचं नव्हतं, पण गाडी तिथे ठेवताही येत नव्हती. बाबांनी लोकांना तसं सांगितलं. दहा-बारा जण पुढे झाले. मी बाहेरूनच स्टिअरिंग धरलं, बाकीच्यांनी मागून लोटलं, आणि आमचं पलंग-ओटा-संडासाचं घर लोकांच्या हातांनी रस्त्यावरून उतरून एका मोकळ्या वावरात गेलं. सगळी दारं, सगळ्या काचा उघडल्या. मागे शेगड्या पुन्हा पेटल्या, ट्रॅक्टर निघाला, गर्दी हलली.

आई एका दगडावर बसली होती. मला तिचा चेहरा बघून कळलं. तिला जायचं होतं. एवढं पाणी प्यायली होती, आणि गाडीत तर आता कुणी पाऊल टाकायचं नव्हतं. मी चारीकडे पाहिलं. मोकळं वावर, रस्त्यावर शेकडो माणसं. बसमधला तो दिवस मला आठवला आणि मी ओढणी काढायला लागले.

"राहू दे," आई म्हणाली. ती उठली आणि एकटीच चालत भज्यांच्या गाडीपाशी गेली. तिथे ती त्या बाईला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दोघी मिळून मागच्या घरांकडे गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा हसत होत्या. त्या बाईलाही तोच त्रास आहे म्हणे, चार वर्षांपासून.

बाबांनी तोवर खण मोकळा केला होता. ओट्याखालच्या लोखंडी अँगलच्या धारेवर रबरी नळी घासून तिला चीर गेली होती. तिथे धारेवर रबरी वायसर लावायला ते विसरले होते. त्यांनी नळी हातात घेतली आणि जमिनीवर बसले. "चाळीस वर्षं काम केलं मी," ते म्हणाले. "लोकांच्या चुका दाखवल्या."

मी चिंधीचं सांगितलं. कोंबून ठेवली नसती तर अर्धा गॅस खालून निघून गेला असता, हे मला सांगायची गरज नव्हती, त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. ते रागावतील असं वाटलं.  "पुसायचं तरी होतं मला, बाई," एवढंच म्हणाले.

मी परत फिरायचं म्हणत होते. खरं सांगायचं तर मला ती किल्ली पुन्हा फिरवायची भीती वाटत होती.  आई म्हणाली, "इथून तिचं गाव जवळ हाय. मी परत जाणार न्हाई." आणि आमच्याकडे न बघता गाडीत जाऊन गाद्या झटकायला लागली. सिलेंडरला टोपण लावून तो आम्ही त्या बाईच्या अंगणात ठेवला. वास पुरता गेल्यावरसुद्धा मी अर्धा तास थांबायला लावलं. मग सगळ्यांना लांब उभं करून किल्ली फिरवली. इंजिन लागलं, दुसरं काही झालं नाही. 

मावशीच्या गल्लीत गाडी शिरलीच नाही, शाळेजवळ लावावी लागली. "जय भीम" म्हणत मावशी चालत आली आणि आईला धरून तशीच उभी राहिली. मग तिला आत काय काय आहे ते बघायचं होतं. आईने तिला संडासाचं दार उघडून दाखवलं, पाणी सोडून दाखवलं. त्या दुपारी दोघी बहिणी दारं उघडी टाकून गाडीतच झोपल्या. बाबा आणि मी पिंपळाखाली बसलो होतो. ते दर थोड्या वेळाने उठून गाडीत डोकं घालत, वास घेत, आणि परत येऊन बसत.

जालन्याला आल्यावर त्यांनी गॅसचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. स्वतः बॅटरी धरून उभे राहिले. मिस्त्रीने सिलेंडरचा खण बाहेरून उघडेल असा करायला सांगितला, तांब्याची नळी सांगितली, वास आला की वाजणारं यंत्र सांगितलं. बाबा सगळ्याला मान हलवत होते. आईने ते ऐकलं आणि म्हणाली, "शेगडीच काढून टाका. चहा कुठंबी मिळतो."

त्यावर दोन दिवस वाद झाला. बाबांना आपण केलेलं नीट करून दाखवायचं होतं. शेवटी शेगडी निघाली. तिथे आता आईचा कपड्यांचा खण आहे.

गाडी डिझेल पिते, पावसाळ्यात काळ्या मातीच्या जवळ नेता येत नाही, आणि संडासाची टाकी रिकामी करायला घरीच यावं लागतं, म्हणून दोन मुक्कामांच्या पुढे जमत नाही. तरी गेल्या वर्षात आई मावशीकडे चार वेळा जाऊन आली. प्रत्येक वेळी राजूरला भज्यांच्या गाडीपाशी थांबतो. त्या बाईही आता आईच्याच डॉक्टरकडे जातात. मागच्या खेपेला आम्ही त्यांना जालन्याला दवाखान्यात आणलं, याच गाडीतून, आणि वाटेत त्या दोनदा आत जाऊन आल्या.