पहिल्या दिवसाचा डबा

माझ्या सासूबाईंच्या दहाव्याला कावळा शिवेना. गोमतीच्या घाटावर पिंड मांडून आम्ही तासभर उन्हात उभे. समोरच्या पिंपळावर दोन कावळे बसलेले, चांगले धष्टपुष्ट, पण खाली उतरतील तर शपथ! इथले पंडितजी सारखे घड्याळ बघत होते. “बहूजी, हम लोग इतना इंतज़ार नहीं करते,” असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. म्हटलं, आम्ही करतो. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, घरच्यांनी ती ओळखून शब्द द्यायचा असतो, हे त्यांना मी कुठल्या हिंदीत समजावणार होते?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी मी त्या कावळ्यांवरून नजर काढत नव्हते, कारण आईंचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई म्हणजे माणिक चंद्रकांत फडतरे, मूळच्या खटाव तालुक्यातल्या. १९५७ साली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन लखनौ छावणीत आल्या. मामंजी हवालदार. त्यांनी बायकोला क्वार्टरवर सोडलं आणि त्याच संध्याकाळी तुकडीबरोबर सरावाला निघून गेले. आईंना हिंदीचा एक शब्द येत नव्हता. घरात सरपण नाही, दुकान कुठे ते माहीत नाही, विचारायचं कसं तेही माहीत नाही. लोखंडी ट्रंकेवर बसून या बाईने दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले! तिसऱ्या दिवशी शेजारची एक अवधी बाई भिंतीवरून डोकावली आणि काही न विचारता चार रोट्या आणि सब्जी देऊन गेली.

तेव्हापासून लखनौत बदलून आलेल्या कुठल्याही मराठी जवानाची बायको पहिल्या दिवशी उपाशी झोपली नाही. निदान आईंना कळलं आणि ती उपाशी झोपली, असं कधी झालं नाही. दारात सामानाचा ट्रक थांबायचा आणि मागोमाग माणिककाकू हजर. डब्यात पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. जात विचारायची नाही, नवऱ्याचा हुद्दा विचारायचा नाही. “आधी जेव, मग रड,” एवढंच म्हणायच्या.

एकाहत्तरच्या लढाईत मामंजी सीमेवर होते. एका सकाळी आईंच्या नावाने तार आली. नेमकी शेजारीण अडलेली, दाई मिळेना. आईंनी तार कमरेला खोचली, बाळंतपण निस्तरलं, बाळाला अंघोळ घातली आणि संध्याकाळी ती कुणाकडून तरी वाचून घेतली. मामंजींच्या पायाला गोळी लागली होती, जीव वाचला होता. मी एकदा विचारलं, “आई, आधी का नाही वाचून घेतलीत?” तर म्हणाल्या, “मूल थांबणार होतं होय?” मी असते तर तिथेच कोसळले असते. आजही ती तार आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. कुठल्या मातीची होती ही बाई, देव जाणे!

मामंजी सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेलीबागेत घर झालं, काही वर्षांनी मामंजी गेले. गावच्यांनी आईंना परत बोलावलं. आईंचं एकच पालुपद, “नव्या पोरी येतात, त्यांचं कोण बघणार?” छावणी तरी जवळ. विमानदलातल्यांची घरं बख्शी का तालाबला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. साठी उलटलेली बाई टॉवेलात डबा गुंडाळून, टेम्पो बदलत तिथेही जायची. मागून मोटार आमची झाली, पण भाकऱ्या थापायला मीच. पंचवीस वर्षं थापल्या. नाव त्यांचं आणि पीठ माझ्या केसांत! शिवाय डबे काही परत यायचे नाहीत. घरात झाकणासकट धड डबा उरला नव्हता. मी धुसफुसायचे आणि आई ऐकू न आल्यासारखं करायच्या.

गेल्या महिन्यात त्या घसरून पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. वय सत्त्याऐंशी. एका दुपारी मला हाक मारली. “चेतना, परवा बख्शी का तालाबला देविका म्हणून पोर येतेय, वडूजकडची. डबा न्यायचाय.” माझी आदली रात्र त्यांच्या उशाशी गेलेली. मी तडकले. “बास झालं आई! आता मोबाईलवर दारात जेवण येतं. मी जाणार नाही. हे सगळं तुमच्याबरोबर संपलं.”

“बरं,” एवढंच म्हणाल्या. मग फोन मागितला. मला वाटलं, लताताईंशी, म्हणजे माझ्या नणंदेशी, बोलायचं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई नव्हत्या. माझं शेवटचं बोलणं ते असं.

घाटावर एकेकजण शब्द देऊ लागला. माझा नवरा अभिजित रेल्वेत इंजिनियर, हिशेबाचा माणूस, पण तोही हात जोडून म्हणाला, “आई, बाबांची पदकं जपेन.” कावळे ढिम्म. लताताई म्हणाल्या, “आई, मी अभिजितशी भांडणार नाही.” त्यावर एक कावळा आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. माझी लेक उत्कर्षा डोळे पुसत म्हणाली, “आजी, अब से मैं मराठी में ही बात करूँगी, पक्का!” पंडितजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला लावला की सुटलो.

“थांबा,” मी म्हणाले. पुढे झाले. सगळ्यांसमोर सांगितलं, काय बोलले होते ते. लताताईंचा चेहरा बघवेना. “आई, चुकले. देविकाकडे डबा नेईन. पुढेही नेईन. कंबर मोडेपर्यंत नेईन.”

कावळा आला. लगेच नाही, पाचेक मिनिटांनी. पंडितजी म्हणाले, भूक लागली असेल. असेलही.

सुतकात घरचं अन्न कुणाला देता येत नाही. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी डबा घेऊन निघाले. सबंध रस्ता वाटत होतं, काय उपयोग? पहिला दिवस केव्हाच टळलाय. साठ-सत्तर वर्षांत आईंचा एक डबा चुकला, तो माझ्यामुळे.

दार एका सावळ्या, बारीक मुलीने उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “तुम्ही चेतनाकाकू ना? या. आजींनी सांगितलं होतं.”

“कधी?”

“आम्ही निघायच्या आदल्या दिवशी फोन आला होता. म्हणाल्या, पहिल्या दिवशी डबा पोचायचा नाही, म्हणून स्टेशनवरूनच काहीतरी घेऊन जा. पण माझी सून येईल. आधी चिडेल, मग येईल. थोडी वाट बघ.”

मी तिथेच खुर्चीत बसले. देविकाने डबा घेतला, उघडला, आणि आतून दोन ताटं घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवलं.

“अगं, तुला आणलंय,” मी म्हणाले.

“आजी म्हणाल्या, ती आली की आधी तिला वाढ. पंचवीस वर्षं सगळ्यांसाठी भाकऱ्या थापतेय, पण कायम शेवटी जेवते.”

तिने माझ्या ताटात भाकरी मोडून घातली, वर पिठलं वाढलं. त्या घरात मी आईंचा एकुलता एक नियम मोडला. आधी रडले, मग जेवले.